शाळू, हिंग आणि गिरणी: सिलिअॅकचं पहिलं वर्ष

जानेवारी 2024 मध्ये माझं हिमोग्लोबिन 8.1 आलं. त्यात नवल काही नव्हतं. कित्येक वर्षं ते नऊच्या आसपासच रेंगाळत होतं. लोहाच्या गोळ्या घ्यायच्या, गूळ-शेंगदाणे खायचे, परत तपासायचं, आकडा तिथल्या तिथंच. "बायकांना असतंच" हे वाक्य मी दवाखान्यात, ऑफिसात, हळदीकुंकवात, सगळीकडं ऐकलं होतं. या वेळच्या फिजिशियनबाईंनी मात्र जुन्या रिपोर्टांची फाइल शेवटच्या पानापर्यंत चाळली आणि विचारलं, "गोळ्या नियमित, पाळीचा त्रास नाही, मग लोह जातंय कुठं?" पुढचे प्रश्न पोटाचे होते. पोट फुगतं का, सकाळी घाई होते का, तोंड वारंवार येतं का? तिन्हीला हो. हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांनी रक्ताच्या दोन तपासण्या लिहून दिल्या: टीटीजी-आयजीए आणि टोटल आयजीए. दुसरी कशाला, असं लॅबवाल्यालाही वाटलं. कारण असं की काही जणांच्या शरीरात आयजीए हे प्रतिपिंड मुळातच कमी असतं. अशांची पहिली तपासणी आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते. दोन्ही मिळून एकोणीसशे रुपये. रक्त बाहेरगावी जातं, म्हणून रिपोर्टला चार-पाच दिवस लागले. टीटीजीची मर्यादा 20 ची, माझा आकडा 168. म्हणजे सिलिअॅकची दाट शंका.

सिलिअॅक म्हणजे अॅलर्जी नव्हे, हे आधी समजून घ्यावं लागलं. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य) यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळं शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतली बारीक लव झिजून सपाट होते आणि खाल्लेलं लोह, कॅल्शियम अंगी लागत नाही. माझ्या गोळ्या वाया का जात होत्या ते इथं कळलं.

आता एक फार महत्त्वाचं. रिपोर्ट आल्या आल्या गहू सोडायचा नाही! एंडोस्कोपी करून आतड्याचे तुकडे तपासेपर्यंत (म्हणजे बायोप्सी होईपर्यंत) गहू पोटात जात राहिला पाहिजे, नाहीतर आतडं सुधारायला लागतं आणि निदान अर्धवट राहतं. त्यामुळं फेब्रुवारीतले ते आठवडे विचित्र गेले. ज्यानं त्रास होतोय हे ठाऊक आहे, तीच चपाती रोज औषधासारखी खायची. ओळखीतली एक बाई रोज मेसेज करायची, "गहू सोडलास का?" मी उत्तर द्यायचे, "अजून परवानगी नाही."

एंडोस्कोपी फेब्रुवारीच्या मध्याला झाली. रात्रीपासून उपाशी, घशात कडू स्प्रे, डाव्या कुशीवर झोपायचं. झोपेचं इंजेक्शन हवं का विचारतात. मी घेतलं, पण मग त्या दिवशी गाडी चालवता येत नाही, सोबत माणूस लागतो. काम दहा-पंधरा मिनिटांचं. डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा की तुकडे एकापेक्षा जास्त ठिकाणचे घेणार ना, कारण झीज सगळीकडं सारखी नसते. माझे सहा घेतले. एंडोस्कोपीचे साडेपाच हजार, पॅथॉलॉजीचे बावीसशे. आठवड्याभरात कागद हातात आला: मार्श 3बी. म्हणजे लव बऱ्यापैकी गेलेली.

मेडिक्लेमचं सांगते, कारण यात माझा वेळ आणि डोकं दोन्ही गेलं. मी बिलं, डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट, चेकची झेरॉक्स सगळं जोडून क्लेम टाकला. महिन्याभरानं उत्तर आलं: "केवळ तपासणी व मूल्यमापनासाठी दाखल", म्हणून नामंजूर. पॉलिसीच्या मागच्या पानांवर हे कलम Excl04 या खुणेनं असतं. सगळ्या कंपन्यांच्या आरोग्य पॉलिसीत त्याची भाषा तीच असते. डॉक्टरांचं पत्र जोडून पुन्हा अर्ज केला, परत तेच उत्तर. तेव्हा एंडोस्कोपीचे पैसे आपल्या खिशातून जाणार असं धरूनच चाला, किंवा आधी कंपनीला ईमेल करून लेखी विचारा. फोनवरचं "हो मॅडम, होईल" पुढं कामाला येत नाही.

मार्चपासून गहू बंद. लोह सलाईनमधून चढवलं, व्हिटॅमिन डी आणि बी12 सुरू झालं. दूधही काही महिने बंद, कारण लव झिजली की दूध पचवणारं एंझाइमही कमी पडतं. कोल्हापुरात राहून दूध नको म्हणणं म्हणजे लोकांना आधी ते खरंच वाटत नाही. दही मात्र चाललं.

आहारतज्ज्ञांकडं गेले तेव्हा वाटलं होतं, किन्वा-बिन्वाची यादी हातात पडणार. ती पडलीच. पण बाई मूळच्या गडहिंग्लजकडच्या. यादी बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "भाकरी खाता ना? मग दळप कुठं देता?"

गिरणी! शाळूत, म्हणजे ज्वारीत, ग्लूटेन नाही, तांदळात नाही, नाचणीत नाही, हे इंटरनेटवर कुणीही सांगतं. पण आपण काही शाळू चघळत नाही, त्याचं पीठ खातो. आणि ते पीठ ज्या गिरणीतून येतं तिथं दिवसभर गहू दळला जातो.

त्या संध्याकाळी मी गल्लीतल्या गिरणीत गेले. लग्न होऊन आल्यापासून जातेय, पण बघितली अशी त्या दिवशीच. पट्टा, बल्ब, वजनाचा काटा, भिंतीवरचा गणपती, काकांच्या भुवया, सगळ्यावर पांढरा थर. शाळूचं जातं वेगळं, गव्हाचं वेगळं, पण दोन्ही शेजारी शेजारी. पीठ सारायचा कुंचा एकच, डबे पुसायचं फडकं एकच. काका प्रामाणिक माणूस. म्हणाले, "वैनी, शाळूच्या जात्यात मी गहू घालत न्हाई. पण वाऱ्याला काय सांगू?" सकाळी पहिलं दळप माझं घेतो असंही म्हणाले. पण आदल्या दिवशीचं पीठ जात्यात राहतंच, ते पहिल्या दळपाबरोबर बाहेर येतं. ग्लूटेनमुक्त म्हणायचं तर आपल्या एफएसएसएआयच्या नियमानं किलोमागं 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असायला हवं. कुंच्याला चिकटलेलं पीठ त्याच्यापुढं पुष्कळ झालं.

तयार ग्लूटेनमुक्त पिठाचं पाकीट तेव्हा किलोला दोनशेच्या घरात पडत होतं आणि शाळू साठ-पासष्टला. आमच्याकडं रात्री सगळ्यांनाच भाकरी लागते. हिशेब मांडला आणि घरघंटी घ्यायची ठरली. साडेसतरा हजार, एक हॉर्सपॉवरची. नवऱ्यानं एवढंच विचारलं, "मग गहूपण घरातच दळायचा का?" नाही. त्या गिरणीत गव्हाचा एक दाणाही जायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. पाहुणे आले, काकांची गिरणी बंद असली, तरी नाही.

गिरणीतून धान्यापर्यंत आले तर तिथंही गहू होताच. लक्ष्मीपुरीत शाळू घेताना दुकानदाराला मी विचारते, पोतं नवं आहे की आधी दुसरं धान्य भरून फिरवलेलं. सुरुवातीला तो हसला, आता स्वतःच सांगतो. घरी आणल्यावर शाळू ताटात पसरून निवडायचा. गोल, मोत्यासारख्या दाण्यांमध्ये गव्हाचा दाणा लांबट, तांबूस, पोटावर चीर असलेला. उजेडात ताट तिरकं धरलं की गोल दाणे घरंगळतात आणि तो अडून राहतो. प्रत्येक किलोत निघेलच असं नाही, पण निघतो. मग धुऊन, गच्चीवर कडक वाळवून दळायचं. ओलसर धान्य घरघंटीत घालू नका, जाळी भरते. आणि नवी गिरणी आली की पहिल्यांदा किलोभर स्वस्त तांदूळ दळून टाकून द्या, म्हणजे कारखान्यातली धूळ, तेल निघून जातं. शाळूचं पीठ आठ-दहा दिवसांपुरतंच दळावं. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात.

चपातीचा प्रश्न उरला. एका ओट्यावर माझी भाकरी आणि बाकीच्यांची चपाती, हे कागदावर जमतं. पण कणीक चाळताना, पिठी लावून लाटताना जे हवेत उडतं ते खाली कुठंतरी बसतंच. शेवटी जवळच्या बचत गटाकडून चपात्या यायला लागल्या, सात रुपयाला एक. घरातला कणकेचा डबा बंद झाला. चाळण, लाकडी पोळपाट-लाटणं, भेगा पडलेली काठवट मी सासूबाईंच्या खोलीत ठेवून दिली, कारण लाकडाच्या भेगांतलं पीठ धुऊन निघत नाही. स्टीलची परात, लोखंडी तवा घासून चालतो.

सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, पटायला वेळ लागला. "एवढंसं खाल्लंस तर काय हुतंय?" हे त्यांनी मायेनंच विचारलं. मी बायोप्सीचा फोटो दाखवला. शेजारी निरोगी आतड्याचा फोटो ठेवला. दोन्ही बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "हे तर पार घासून काढल्यागत झालंय की." त्यानंतर घरात पाहुण्यांना मला काही सांगावं लागत नाही, त्याच सांगतात.

हिंगाचं मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. बाजारातला पूड हिंग हा बहुतेक वेळा बांधणी हिंग असतो, आणि तो बांधायला गव्हाचं पीठ किंवा मैदा वापरतात. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. हळदीच्या डब्याशेजारची ती डबी, रोजच्या आमटीत चिमूटभर. आता मी खडा हिंग घेते, किंवा तांदळाच्या पिठात बांधलेला, दोन्ही घटक वाचूनच. एप्रिल तोंडावर होता, वर्षाची कांदा-लसूण चटणी करायची होती. बेडगी, संकेश्वरी, धणे, खोबरं, तीळ, सगळं नेहमीसारखंच, फक्त हिंग खडा आणि घरी तळून. डंकावर जाऊन विचारलं, इथं गहू-डाळीचं काही कांडता का? फक्त मिरची-मसाला आणि हळद, म्हणाले. तरी माझी चटणी पहिल्या नंबरला कांडून घेतली.

पाकिटं वाचायची सवय लागली की कळतं, पुढच्या बाजूला छापलेलं आणि मागं लिहिलेलं यात किती अंतर असतं. 'ज्वारीची बिस्किटं', 'नाचणी कुकीज' यांत पहिला घटक गव्हाचं पीठ निघतो. कॉर्नफ्लेक्समध्ये आणि दुधात घालायच्या पावडरींत माल्ट असतं, म्हणजे जव. सोया सॉसमध्ये गहू असतो. ओट्समध्ये स्वतःचं ग्लूटेन नसलं तरी ते गव्हाबरोबर मिसळलेले असतात, म्हणून ग्लूटेनमुक्त लिहिलेलेच घ्यायचे, तेही डॉक्टर हो म्हणाल्यावर. भाजणीत गहू असतो, उपवासाच्या भाजणीत नसतो.

जूनमध्ये पावसाबरोबर मिसळीची आठवण आली. कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड असतो, पाव नाही. पाव देणाऱ्या गावांबद्दल मला काही बोलायचं नाही. बाहेरची मिसळ माझ्यासाठी संपलीच आहे, कारण फरसाणात मैद्याचे तुकडे असतात आणि हिंग कुठला ते सांगता येत नाही. घरी कट, मटकी, घरची शेव जमली. ब्रेडचं काय? कुरिअरनं मागवलेला ग्लूटेनमुक्त ब्रेड तीनशेच्या पुढं पडला आणि कटात बुडवला की विरघळला.

मग ब्रेड घरीच करायचं ठरवलं. ओटीजी, म्हणजे विजेची छोटी भट्टी, घरात होताच. सुरुवातीचे लोफ म्हणजे विटा. बाहेरून तांबूस, आत ओलं पीठ. नेटवरच्या कृतींत पीठ धरून ठेवायला झँथन गम असतो. तो मी आणला, वापरला, पण चव आवडली नाही. मग इसबगोल वापरायला लागले आणि काम सोपं झालं. गव्हाच्या कणकेत यीस्टचा वायू अडवून धरायला ग्लूटेन असतं. इथं ते नाही, म्हणून इसबगोलाच्या भुशीचा चिकट गोळा ते काम करतो. भाकरीला आपण उकळतं पाणी घालतो तेही अशाच कारणानं, पीठ उकडून एकमेकाला धरून ठेवावं म्हणून.

आता जमलेलं प्रमाण असं. शाळूचं पीठ 150 ग्रॅम, तांदळाची बारीक पिठी 100 ग्रॅम, टॅपिओका स्टार्च 100 ग्रॅम. इसबगोलाची भुशी 18 ग्रॅम, पाणी 380 मिली, इन्स्टंट यीस्ट 7 ग्रॅम, साखर दोन चमचे, मीठ सव्वा चमचा, तेल दोन मोठे चमचे, व्हिनेगर एक चमचा. भुशी कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून घट्ट गोळा होऊ द्यायचा, मग बाकी सगळं घालून मळायचं. वाटीनं मोजू नका, वजनकाटा घ्या. शाळूच्या पिठाची वाटी प्रत्येक वेळी वेगळी भरते. मळलेलं पीठ कणकेसारखं दिसणार नाही. हाताला चिकटेल इतकं सैल, पण ओतलं तर वाहणार नाही इतकं घट्ट. दोनदा फुगवायचं नाही, थेट तेल लावलेल्या टिनमध्ये घालून ओल्या हातानं वरून गुळगुळीत करायचं. पाऊण तासात टिनच्या काठाच्या जरा खाली आलं की तापलेल्या ओटीजीत 200 अंशांवर 50 मिनिटं. काठाच्या वर जाऊ दिलं तर भाजताना मधोमध बसतं. मग टिनमधून काढून ओटीजीच्या जाळीवर उघडाच दहा मिनिटं अजून भाजायचा.

आणि कापायचा नाही. वास कितीही सुटला, मुलं कितीही घुटमळली तरी पूर्ण गार होईपर्यंत नाही, कारण आतला स्टार्च गार होतानाच बसतो. गरम कापला की सुरीला लगदा येतो. गार झाल्यावर सगळा एकदम कापून स्लाइस फ्रीजरमध्ये. तव्यावर तूप लावून भाजला की कटात दोन-तीन मिनिटं टिकतो. मिसळीला तेवढं पुष्कळ.

केक-बिस्किटांना एवढी मेहनत नाही. केकला तसंही ग्लूटेन फार नको असतं. नाचणी आणि तांदळाची पिठी निम्मी-निम्मी, अंडी, दही, गूळ घालून केलेला केक मुलांनी वाढदिवसाला वर्गात नेला आणि कुणी काही विचारलं नाही. नानकटाई बेसन आणि शाळूच्या पिठाची. बेसनही घरीच दळलेलं, कारण बाहेरचं बेसन त्याच गिरण्यांतून येतं.

सप्टेंबरात गौरी आल्या. पहिल्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य, त्यामुळं मी आनंदात. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. माझ्या ताटात पुरण आणि वर तूप, पोळी नाही. तांदळाच्या उकडीची पुरणपोळी करून पाहिली, चांगली झाली, पण तिला पुरणपोळी म्हणायला आत्या तयार नाहीत. नवरात्रात उपवासाचं सगळं चालतं, साबुदाणा, वरी, राजगिरा. पण कडाकण्या मैद्या-रव्याच्या, त्या जावेनं तिच्या घरी केल्या. सत्यनारायणाचा शिरा आमच्याकडं आता तांदळाच्या रव्याचा होतो. लग्नाकार्यात मी जेवून जाते आणि पिशवीत डबा ठेवते. वाढपी आग्रह करतात तेव्हा "पथ्य आहे" एवढंच पुरतं. आजाराचं नाव सांगितलं की पंगतीत चर्चासत्र सुरू होतं.

फेब्रुवारी 2025 मध्ये वर्षाची तपासणी झाली. टीटीजी 34, हिमोग्लोबिन 12.3. ही तपासणी पहिल्या वेळी केली त्याच लॅबमध्ये करा. लॅबनुसार किट आणि मर्यादा बदलतात, मग आकड्यांची तुलना करता येत नाही. अजून 20 च्या खाली यायचं आहे, डॉक्टर म्हणाल्या की कधी कधी वर्षाहून जास्त लागतं. हाडांची घनता पाहायला डेक्सा झाला, कमरेत थोडी कमी निघाली, कॅल्शियम सुरू आहे.

आई-वडील, भावंडं, मुलं यांनीही रक्ताची तपासणी करायची असते, कारण जवळच्या नात्यात हा आजार जास्त आढळतो. माझ्या मुलांचे रिपोर्ट चांगले आले. पुढं कधी लक्षणं दिसली तर परत करायला सांगितलंय. इचलकरंजीचा भाऊ मात्र वर्षभर टाळत होता. "मला काय धाड भरलीय?" मार्चमध्ये वहिनीनं हाताला धरून नेलं. टीटीजी 71. पोटाची कसलीही तक्रार नाही, हिमोग्लोबिनही उत्तम. रात्री त्याचा फोन आला, "ताई, शाळूचं पोतं घेऊन येऊ काय, तुझ्या गिरणीवर दळून दे." मी म्हटलं, आधी एंडोस्कोपी होऊ दे, तोवर चपात्या खा. नंतर ये, पण पोतं नवं आण आणि शाळू निवडून आण.